चार दुकानं, तीन गावं

घोडेगावहून डोंगराकडं जाणाऱ्या रस्त्यावर चिंचतळे नावाचं बाजाराचं गाव आहे. तिथल्या एसटी स्टँडला लागून सोनीबाईची पत्र्याची टपरी. आत पायानं चालवायचं शिलाई मशीन. पँटची चेन बदलणं, शाळेचा ड्रेस आखूड करणं, साडीला फॉल लावणं, असली कामं ती वीस वर्षं करत होती. वरच्या वाडीतलं भातशेत नवरा गेणभाऊ बघायचा आणि सोनीबाई पहिल्या गाडीनं खाली यायची. बाई अबोल. गिऱ्हाइकानं कपडा ठेवला की मान वर न करता विचारायची, "कवा पायजे?" तेवढंच तिचं बोलणं.

दर दिवाळीला तिच्या शेजारी पेमाचं स्वेटरचं दुकान लागायचं. पेमा तिबेटी, पण जन्मली कर्नाटकात, मुंडगोडच्या निर्वासित वसाहतीत. गावातलं कुणी तिला नेपाळी म्हणे, कुणी चिनी. ती हसून सोडून द्यायची. एखाद्याला स्वेटरची बाही लांब झाली की पेमा त्याला सोनीबाईकडं धाडायची. चौदा हिवाळे दोघींनी एकाच डब्यातली भाकरी खाल्ली होती.

पहिल्या वर्षी पेमा एकटीच आली होती. हळूहळू तिच्या वसाहतीतली आणखी तीन कुटुंबं आली, आणि एका रांगेत चार दुकानं झाली. मग यंदा सप्टेंबरात कापडवाले सुदर्शनशेठ यांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला, की बाहेरच्यांना या हंगामात जागा देऊ नये. त्यावर वीस-पंचवीस सह्या होत्या. निर्णय दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत व्हायचा होता.

जागेचं ठरवायला आलेल्या पेमाला हे स्टँडवरच कळलं. ती सोनीबाईच्या टपरीत स्टुलावर येऊन बसली.

"दीदी, हमारा नसीबच असा हाय," ती तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली. "जाईल तिथं विचारतात, किती दिवस राहणार?"

सोनीबाईनं मशीन थांबवलं. चौदा वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं. "तुमची मानसं आली कशी गं हिकडं?"

पेमा सांगत गेली. आई सतरा वर्षांची असताना तिबेट सोडून बर्फातून चालत निघाली. नेपाळातल्या एका गावानं महिनाभर जेवू घातलं. भारतानं जमीन दिली. पण सगळेच एका जागी मावणार कसे? एका मामाला स्वित्झर्लंडनं नेलं, तो तिथं घड्याळाच्या कारखान्यात लागला. मावशी काठमांडूतच राहिली. भाची कॅनडात नर्स आहे.

"एका मुलुखाला सगळे जड झाले असते," पेमा म्हणाली. "थोडे थोडे वाटून घेतले, म्हणून जगलो."

सोनीबाई मशीनवर कापड टाकून म्हणाली, "उद्या माझ्यासंगं चल. निरगुडसरला जाऊ."

"तिथं काय?"

"जागा मागाया. शेठचं एक खरं हाये. चारी दुकानं आमच्याच दारात. ती बी वाटून घ्याया पायजेत."

दुसऱ्या दिवशी टपरी बंद राहिली. वीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. निरगुडसरात बाजाराची जागा बघणारे धर्माजीभाऊ ओट्यावर बसले होते. पेमानंच चार दुकानांचं सांगितलं आणि पिशवीतून एक स्वेटर काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उलटा करून शिवण बघितली.

"माल चांगला हाय. पण चार दुकानं न्हाई जमायची, बाई."

"एकच घ्या, भाऊ," सोनीबाई चटकन बोलून गेली. "बाकीच्यांचं आमी बघतो."

"एक व्हय? मग त्यात काय एवढं!" धर्माजीभाऊंनी तिथंच कागदावर लिहून दिलं. पुढं महाळुंगे पडवळला बाजार बघणाऱ्या सावळेरामभाऊंनी चहा पाजला, आणि एका दुकानापुरता लेखी होकार तिथूनही मिळाला.

गांधी जयंतीला शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. सुदर्शनशेठ शांतपणे बोलले. "आपलं कुणाशी वैर न्हाई. पण या लोकांना सरकारनं ठेवून घेतलंय, सरकारनं बघावं. सगळा भार आपल्याच गावानं का सोसायचा?"

माना डोलल्या. सरपंच वृषालीताईंनी विचारलं, "आणखी कुणाला बोलायचंय?"

बायकांच्या घोळक्यातून सोनीबाई उठली. माईक हातात घेतला तर तो कुंई करून किंचाळला. पोरं हसली. तिनं तो खाली ठेवला आणि तशीच बोलू लागली.

"माझी रुपाली पोटात व्हती, तवा आमच्या वाडीला रस्ता न्हवता. मला डोलीत घालून दवाखान्यात आणली. वाडीच्या चौघांनी खिंडीपर्यंत आणलं. तिथं पुढच्या वाडीनं खांदा दिला. तिसऱ्या वाडीची मानसं तर मला वळखत बी न्हवती. पर कुनी म्हनलं न्हाई, ही बाय आमची न्हाई. त्या पयल्या चौघांवरच सोडलं असतं, तर ते वाटंतच बसलं असतं. मी बी ऱ्हायली नसती, पोर बी न्हाई."

तिनं बायकांच्या मागं बसलेल्या पेमाकडं बोट केलं.

"पेमाच्या मानसांचं बी तसंच. नेपाळनं घास दिला, आपल्या देशानं जमीन दिली, लांबच्या मुलखांनी एकेक मानूस घरात घेतलं. आपल्या वाट्याला काय आलं? तीन म्हयनं आन् धा फूट जागा. तेवढी जड व्हतीय व्हय?"

"धा न्हवं, चाळीस फूट!" शेठ उठले. "चार दुकानं हायेत."

"बरोबर हाये तुमचं, शेठ."

शेठ चपापले. सोनीबाईनं पिशवीतून दोन कागद काढून वृषालीताईंपुढं ठेवले. "एक दुकान निरगुडसर घेतंय. एक महाळुंगे पडवळ. ऱ्हायली दोन. आता बोला, पेलंल का न्हाई चिंचतळ्याला?"

वृषालीताईंनी दोन्ही कागद मोठ्यानं वाचून दाखवले. मग हात वर करायला सांगितलं. आधी बायकांचे हात गेले, मग डोंगरातल्या वाड्यांचे, मग बाजारपेठेतले. मोजायची गरजच पडली नाही. सुदर्शनशेठनी इकडंतिकडं बघितलं आणि स्वतःचाही हात वर केला. "दोनच असली तर माझं काय म्हननं न्हाई," ते म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पेमा दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. बायकांनी सोनीबाईला असा काही गराडा घातला, की गेणभाऊला तिची फक्त हिरवी साडी दिसत होती. "आमची मंडळी हाय ती," तो शेजाऱ्याला छाती फुगवून सांगत होता.

दिवाळीनंतर तिन्ही गावांत स्वेटर टांगले गेले. थंडी यंदा कडक पडली आणि विक्री तुफान झाली. जानेवारी संपता संपता सोनीबाईच्या टपरीत फोन वाजला.

"धर्माजी बोलतोय, निरगुडसरहून. ताई, आमचं एक दुकान पुरंना हो! पुढल्या वर्षी दोन द्या."

सोनीबाई खळखळून हसली. "न्हाई जमायचं, भाऊ," ती म्हणाली, "महाळुंगेवाल्यांनी कालच नंबर लावलाय!"