बायकोच्या विम्यावर

रायपूरजवळच्या उरला गावातल्या रोलिंग मिलमधून श्यामकांत निवृत्त झाले, तरी दुपारी डोळा लागला की तापलेली लाल सळई त्यांच्या स्वप्नात नदीसारखी वाहत जाई. जाग आली की घर शांत असे. विजया, त्यांची बायको, नव्या रायपुरात एका खाजगी ऑफिसात होती, संध्याकाळी येई. तोवर भाजी चिरायची, कुकर लावायचा आणि अंगणातल्या खाटेवर पडून ढग बघायचे.

मिलचा विमा नोकरीबरोबर संपला होता. शेजारी म्हणत, "भैया, स्वतःची पॉलिसी काढून घ्या." श्यामकांत हसत. विजयाच्या ऑफिसच्या विम्यात नवऱ्याचंही नाव होतं. त्यांचं बायपासही त्यातूनच झालं होतं. मग घाई काहून? इतकी वर्षं घर आपण ओढलं, आता थोडं तिच्या आधारानं तरंगावं, असं त्यांना वाटे.

थंडीतल्या एका सकाळी ते सहज तिच्यासोबत बसमध्ये बसले. रुंद रस्त्यावर धुकं होतं, बस जवळजवळ रिकामी. विजयानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. डोळे मिटूनच ती म्हणाली, "काल स्वप्न पडलं. मी दुपारची घरी होती. नुसती बसून होती."

"मग सोड ना नोकरी."

"कशी सोडू? नोकरी गेली की तुमचा विमा जाते. गुडघे लय दुखून राहिले, पण अजून थोडं ओढीन."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही इतके सुखात होते."

तिचा स्टॉप आला आणि गेला. दोघंही उठली नाहीत.

घरी येऊन त्यांनी मुलीला, ईराला, फोन लावला. ती नेहमीसारखी हिंदीत बोलली, "बाबा, आई की नौकरी छूटने से पहले ही उसी बीमा कंपनी की अपनी पॉलिसी ले लो. पुरानी बीमारी के कवर के लिए फिर से सालों रुकना नहीं पड़ेगा."

या वेळी श्यामकांतांनी दिरंगाई केली नाही. पॉलिसी हातात आली, तेव्हाच विजयानं राजीनामा दिला.

पुढच्या सोमवारी, भर दुपारी, दोघं पंडरीच्या कापडबाजारात पडद्यांचं कापड बघायला गेली. विजया दुकानादुकानांत तागे उलगडायला लावी, कापडावरून हात फिरवी आणि म्हणे, "अजून बघू." श्यामकांत मागून चालत राहिले.