फ्रेंच गाडीच्या चार कॉइली

जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळण्यात तिची तीस वर्षं गेली होती, म्हणून सगळा बाजार तिला तारमावशी म्हणायचा. पंखे, पंप, मिक्सर असं काहीही मेलेलं तिच्या टेबलावर आलं की जिवंत होऊनच खाली उतरायचं. पण त्या दिवशी तिच्या मेकॅनिक दिरानं समोर ठेवल्या तसल्या, आत तारेची कॉइल बसवलेल्या चार लोखंडी कड्या तिनं जन्मात पाहिल्या नव्हत्या.

"वहिनी, गाडीच्या गिअरबॉक्समधल्या आहेत."

"गिअरला कॉइल? उगाच काहीतरी सांगू नकोस."

पण ते खरंच होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, दुमडत्या कापडी टपाची ती फ्रेंच गाडी. पहिली मालकीण सर्जन होती आणि तिचा डावा गुडघा वाकत नसे. या गाडीत एकदा निघालं की क्लचला पाय लावायला नको. स्टिअरिंगखालची पेन्सिलीएवढी दांडी बोटानं सरकवली की आतलं विजेचं चुंबक गिअर पकडायचं. पुढे तिच्या पुतण्यानं गाडी एका कोंबडीवाल्याला विकली आणि मागच्या सीटवर वीस वर्षं अंडी पडली. आता ती एका दातांच्या निवृत्त डॉक्टरांकडे होती. दिरानं सहा वर्षं खपून रंग, टप, इंजिन सगळं नवंकोरं केलं होतं. घोडं पेंड खात होतं ते इथं. गाडी जागची हलेना.

मावशीनं कॉइली उलगडल्या. तीन जळालेल्या, एक मूळची, शाबूत.

"मधे कुणीतरी वेळ मारून नेलीय. तार बारीक, वेढेही कमी. जळणार नाही तर काय?"

शाबूत कॉइलचे वेढे तिनं एकेक करून मोजले, दोनदा. त्यावरून बाकीच्यांचा हिशेब मांडला. तिन्ही नव्यानं गुंडाळून होईपर्यंत पाच दिवस तिला तहानभूक सुचली नाही.

सहाव्या दिवशी गॅरेजच्या आवारात डॉक्टर स्टिअरिंगवर बसले, शेजारी मावशी. दांडी सरकली, खट्‌ आवाज आला आणि गाडी निघाली, पण मागे. पुढे की मागे ते ठरवणारा खालचा मोठा दांडा उलट्या बाजूला राहिला होता आणि या गाडीला पुढे जितके गिअर, तितकेच मागेही. गोंधळलेल्या डॉक्टरांनी दुसरा टाकला, तशी ती दुप्पट वेगानं भिंतीकडे पळाली.

"दांडी मधे घ्या, ब्रेक दाबा," मावशी म्हणाली.

भिंत वीतभर राहिली तेव्हा गाडी थांबली. मग मावशीला असं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. "मागे पळाली म्हणजे पकडतेय की. आता सरळ घ्या."

टप उघडा टाकून त्यांनी गावाबाहेरपर्यंत चारही गिअर पळवले. केस तोंडावर येत होते आणि मावशी फक्त आतली खटखट ऐकत होती. एकही कॉइल चुकली नाही.

परतल्यावर ती डॉक्टरांना म्हणाली, "मला चालवायला शिकायचीय ही."

चौपन्नाव्या वर्षी तिनं लायसन्स काढलं. पहिल्या फेरीला दीर मागच्या सीटवर बसला होता, दोन्ही हातांनी दार घट्ट धरून.