मोटारीखालची भाकरी

लढाईच्या दिवसांत मी एका डॉक्टरांच्या जुन्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. ती बिघडली, की केडगावच्या रस्त्याला लिंबाखाली बसणाऱ्या मिस्त्रीकडं नेई. त्याचं नाव मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. उंच जॅक त्याला चालत नसे. बसका, रुंद बुडाचाच लागे. मोटार उचलून चाक काढलं, की तो आपल्या भाकरीचं फडकं काठीनं मोटारीखाली सरकवी आणि शेजारी बसून बिडी ओढी. बिडी संपेपर्यंत मोटार हलली नाही, तर लाकडी ठोकळे लावून मगच खाली शिरे. मला हे थेर वाटत.

एकदा माझी टोपी वाऱ्यानं उडून त्या फडक्याशेजारी पडली. मी खाली डोकं घातलं, तसा त्यानं सदऱ्याला धरून मला मागं ओढलं.

"जॅक उचलतो, डायवरसाहेब. धरून ठिवत न्हाई."

तेवढ्यात जॅक घसरला आणि मोटार धाडकन खाली बसली.

त्यानं बिडी संपवली. मोटार पुन्हा उचलली, ठोकळे लावले, फडकं ओढून सोडलं. भाकरीचा चुरा, कांद्याचा चेंदा.

"कांदा फोडायचं काम वाचलं," तो म्हणाला.

मग टोपीही खालून ओढून, झटकून त्यानं माझ्या हातात दिली. कांद्याकडं बघत मी ती डोक्यावर घातली.