सहा टोकांची चांदणी

सेतुमाधवरावांनी एकोणीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. सगळी माणसं मर्त्य आहेत, अमका माणूस आहे, म्हणून अमका मर्त्य आहे, हे त्यांनी फळ्यावर इतक्यांदा लिहिलं होतं की खडू हातात आला की बोटं आपोआप चालू लागत. तंजावरकडचं मराठी घराणं, पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, कपाळावर गोपीचंदन. पश्चिम मांबळमच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको तुळसी अशी दोघंच राहत. मूलबाळ झालं नाही. माणूस सज्जन होता, पण आपलं चुकत असेल अशी शंका त्यांना क्वचितच यायची. तर्कशास्त्राच्या मास्तरांना ही खोड असतेच.

छप्पन साली मद्रासेत दोन वर्षांचं इंटर गेलं आणि एका वर्षाचं प्री-युनिव्हर्सिटी आलं. सगळे त्याला पी.यू.सी. म्हणत. तर्कशास्त्राच्या वर्गातली बाकं रिकामी पडू लागली. अठ्ठावन्नच्या एप्रिलमध्ये प्रिन्सिपॉलांनी बोलावून सांगितलं, ‘‘जूनपासून पी.यू.सी.ला मानसशास्त्र सुरू करतोय. तुम्ही घ्या.’’

‘‘मला ते येत नाही,’’ सेतुमाधवराव म्हणाले.

‘‘तांबरमला मे महिन्यात शिक्षकांचा वर्ग आहे. सहा आठवड्यांत येईल.’’

सहा आठवड्यांत कुणाला धड मृदंगसुद्धा येत नाही, पण माणसाचं मन येतं, असं तेव्हा विद्यापीठातल्या शहाण्यासुरत्या लोकांना वाटत होतं. सर्टिफिकेट मिळालं तर नोकरी राहणार होती, नाही तर जूनमध्ये घरी बसायचं होतं. सेतुमाधवराव रोज सकाळी डबा घेऊन मांबळमहून इलेक्ट्रिक गाडीने तांबरमला जाऊ लागले.

तिथे तीसेक मास्तर जमले होते. कुणी इतिहासाचे, कुणी तत्त्वज्ञानाचे, निम्म्यांना टक्कल पडलेलं. मुलांच्या बाकांवर गुडघे मोडून बसायचे आणि हात वर करून शंका विचारायचे. शिकवायला गुरुमूर्ती नावाचा कलकत्त्याला शिकून आलेला तिशीतला तरुण होता. मनाने चांगला होता, वडीलधाऱ्यांना ‘सर’ म्हणायचा. त्याचा नियम एकच होता. प्रत्येकाने घरी एका माणसावर बारा प्रयोग करायचे आणि त्यांची नोंदवही भरायची. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला म्हणायचं सब्जेक्ट. वहीत सब्जेक्टचं नाव लिहायचं नाही, नुसतं आद्याक्षर. बाराच्या बारा प्रयोग पास झाले तरच सर्टिफिकेट.

सेतुमाधवरावांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं गेलं : सब्जेक्ट, श्रीमती टी., वय एक्केचाळीस, गृहिणी.

‘‘मला काय करायचे?’’ तुळसीने विचारलं.

‘‘मी सांगेन ते.’’

‘‘ते तर वीस वर्षं करतेच की,’’ असं म्हणून ती हसली आणि पदराला हात पुसून समोर बसली. तिला हे प्रयोग मनापासून आवडले. नवरा रोज तासभर समोर बसतो, तिच्याकडे बघतो, तिने सांगितलेलं लिहून घेतो, असं संसारात कधी झालं नव्हतं. संध्याकाळी ते यायच्या आत ती वेणी घालून तयार असायची.

पहिले सात प्रयोग सुरळीत झाले. आठवा आरशाचा होता. कागदावर सहा टोकांची चांदणी छापलेली. कागद फळीआड लपवायचा, समोरच्या आरशात तेवढा दिसायचा, आणि आरशात बघून त्या रेघेवरून पेन्सिल फिरवायची. पहिल्या खेपेला सगळ्यांचाच हात अडखळतो. मग सवय होते, वेळ कमी होत जातो, आणि आलेखाची रेघ खाली उतरते. ती उतरलीच पाहिजे, असं गुरुमूर्तीने तीनदा बजावलं होतं.

तुळसीला यात काहीच अवघड वाटायला नको होतं. तिचा हात म्हणजे सगळ्या आळीत नावाजलेला. पहाटे वासलावर, म्हणजे दारापुढे, कोलमची रांगोळी काढायला बसली की तेरा-तेरा ठिपक्यांचं कोलम पीठ न सांडता एका दमात पुरं करायची. चांदणी बघून ती म्हणाली, ‘‘हे कसाला शिकायला पाहिजे? रोज वासलावर काढते की.’’

पहिल्या खेपेला नव्वद सेकंद लागले. दुसऱ्या खेपेला एकशे दहा. तिसऱ्या खेपेला एकशे चाळीस, आणि चांदणीला डावीकडची दोन टोकंच नव्हती. पेन्सिल तिथपर्यंत जाऊन परत फिरली होती.

‘‘लक्ष कुठे आहे तुझं? टोकं किती आहेत?’’

‘‘सहा.’’

‘‘आणि तू काढलीस किती?’’

‘‘सहा काढले की हो. अस्के काढले.’’ अस्के म्हणजे सगळे, आणि ती कागदाकडे बघूनच हे सांगत होती.

सेतुमाधवरावांचा पारा चढला. उद्याच वही दाखवायची होती. त्यांनी स्टॉपवॉच टेबलावर आपटलं. ‘‘डोळ्यांदेखत खोटं बोलतेस? माझी नोकरी जायची वेळ आली आहे आणि तुला थट्टा सुचते!’’ तुळसीचे डोळे भरले. तिने पेन्सिल उचलून पुन्हा आरशात बघितलं. सेतुमाधवरावांनी कागद ओढून घेतला आणि त्याखाली आपल्या वळणदार इंग्रजीत निष्कर्ष लिहून टाकला : सब्जेक्ट सहकार्य करत नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुमूर्तीने आकडे बघून मान हलवली. ‘‘सर, अशी रेघ वर जाऊन कशी चालेल? घरच्या बायका बुजतात. सब्जेक्ट बदला. एखादी कॉलेजातली मुलगी बघा. सगळेच तसं करतात.’’

शेजारची चारुलता बी.ए.ला होती. तिला बोलवायला गेले तेव्हा ती दारातच हसत म्हणाली, ‘‘मामा, मामींचे आज काय झाले? कोलम एका बाजूचे पुरे, एका बाजूचे काहीच नाही. गाय पुसून गेली की काय?’’

‘‘तिचं कशातच लक्ष नाही हल्ली,’’ सेतुमाधवराव म्हणाले.

इतकं समोर येऊनसुद्धा त्यांना दिसलं नाही. दोन विधानं शेजारी ठेवून तिसरं काढायचं, हाच ज्यांचा एकोणीस वर्षांचा धंदा, त्यांच्यासमोर दोन्ही विधानं उघडी पडली होती. राग येतो, पण राग तरी कुणावर काढायचा? त्यांना सर्टिफिकेट हवं होतं, आणि ते मिळवायचा रस्ता त्यांना नुकताच कुणीतरी दाखवला होता.

चारुलता टेबलाशी बसली. तुळसीने आतून बघितलं आणि दोघांना कॉफी करून आणली. चारुलताची रेघ देवळाच्या तळ्याच्या पायऱ्यांसारखी छान खाली उतरली. आठव्या प्रयोगावर तांबड्या शाईत ‘अत्युत्तम’ असा शेरा आला. पहिल्या पानावर ‘श्रीमती टी.’च्या जागी त्यांनी ‘कुमारी सी.’ केलं आणि आधीचे सातही प्रयोग नव्याने, पुढचे चारही, चारुलतावर करून वही पुरी केली.

जूनमध्ये सर्टिफिकेट घरी आलं. तुळसीने ते देवापुढे ठेवलं, कुंकू लावलं आणि हळूच विचारलं, ‘‘माझ्याने तुमचे काही अडले नाही की?’’

‘‘नाही,’’ ते म्हणाले.

आपण ढ आहोत, नवऱ्याच्या कामाला आलो नाही, हे तिने मनाला लावून घेतलं होतं. पुढे कधी ती त्यांच्या टेबलापाशी बसली नाही.

दिवाळीनंतर ती दाराच्या डाव्या चौकटीवर दोनदा आदळली. मग एका सकाळी विहिरीपाशी पडली ती डाव्या पायावर उभीच राहीना. मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी तपासलं आणि तिच्या हातात कागद-पेन्सिल दिली. ‘‘अम्मा, एक फूल काढा.’’ तिने फूल काढलं. उजव्या बाजूच्या पाकळ्या सुरेख, डाव्या बाजूला कोरा कागद.

‘‘अस्के काढले,’’ ती म्हणाली, आणि तिने भीतभीत सेतुमाधवरावांकडे बघितलं, ते रागावतात की काय म्हणून.

डॉक्टरांनी त्यांना बाहेर नेलं. मेंदूत उजवीकडे गाठ होती, सावकाश वाढणारी. अशा माणसाला डावी बाजू आहे हेच उमगत नाही, ते म्हणाले. ‘‘चार-सहा महिन्यांपूर्वी काहीतरी दिसलं असणार. तेव्हा आणलं असतं तर काढून टाकणं सोपं होतं. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?’’

‘‘नाही,’’ सेतुमाधवराव म्हणाले.

ऑपरेशन झालं. नवव्या दिवशी तुळसी गेली. तेराव्यानंतर स्वयंपाकघरातली फळी आवरताना त्यांनी डाळींचे डबे उचलले, तर खाली कागद पसरलेले होते. पाठकोरा कागद फेकणं तिच्या जिवावर यायचं. तीन चांदण्या होत्या. तिसरीवर तेलाचा डाग होता, आणि खाली त्यांचंच वळणदार अक्षर. ते तिथेच फरशीवर बसून खूप रडले.

नोकरी टिकली. मानसशास्त्राचे चांगले मास्तर म्हणून नावही झालं. सदुसष्टच्या मे महिन्यात तांबरमच्या वर्गात शिकवायला त्यांनाच बोलावणं आलं. आरशाच्या प्रयोगाच्या दिवशी त्यांनी पिशवीतून तेलकट कागद काढून फळ्यावर लावला, खालचं वाक्य हाताने झाकलं आणि वेळाचे तीन आकडे लिहिले. मग नव्या मास्तरांना निष्कर्ष विचारला.

‘‘सब्जेक्टने टाळाटाळ केली,’’ एक म्हणाला. ‘‘सूचना कळली नाही,’’ दुसरा म्हणाला. मागच्या बाकावर अलकनंदा नावाची मदुरेची तरुण शिक्षिका बसली होती. ती उठून फळ्याजवळ आली आणि कागदाकडे बराच वेळ बघत राहिली.

‘‘सर, ह्यांना डावी बाजू दिसतच नसावी. हे आजारी होते का? कुणी डॉक्टरांकडे नेलं ना ह्यांना?’’

सेतुमाधवरावांनी वाक्यावरचा हात काढला. नऊ वर्षं हा प्रश्न त्यांना डॉक्टरांनंतर कुणीच विचारला नव्हता.

‘‘तिचं नाव तुळसी,’’ ते म्हणाले. ‘‘माझी बायको. नाही नेलं. मी सब्जेक्ट बदलला.’’