अंधारबाईंचा घेवडा

हॉस्पिटलात माझ्या आत्याला सगळे अंधारबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण पाठीमागेही फारसं लपवून नाही. एक्स-रेच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती. तिला खिडकी नव्हती आणि दाराला आतून जाड काळा पडदा होता. तिथे आत्या फिल्म धुवायची. आधी एका टाकीत, मग दुसऱ्या टाकीत, मग पाण्यात, आणि शेवटी दोरीवर चिमट्याला. कुणाची बरगडी, कुणाचा गुडघा, कुणा पोरानं गिळलेलं नाणं. जेवायच्या सुट्टीत ती बाहेर आली की उंबऱ्यावर उभी राहून डोळे मिचकावायची.

"बाई, उजाडलं बरं का," दारावरचा शिपाई म्हणायचा.

"कळलं. आता तू पण जागा हो," ती म्हणायची आणि भिंतीला हात लावून चालू लागायची.

त्या खोलीत एकच दिवा होता, लाल. लाल उजेड माणसाला दिसतो, फिल्मला दिसत नाही. एवढ्याशा फरकावर तिची सगळी नोकरी उभी होती. दाराखालच्या फटीतून पांढऱ्या उजेडाची रेघ आत आली, की मात्र फिल्म गेली. म्हणून ती फटीला जुन्या चादरीची वळकटी लावून ठेवायची.

तिच्या घेवड्याचं बी काळं कुळकुळीत होतं आणि त्याच्या कडेला एक पांढरी रेघ होती. तळहातावर बी घेऊन ती म्हणायची, "बंद दाराखालून उजेड यावा ना, तसंच आहे हे."

ते बी तिच्या आईचं, म्हणजे माझ्या आजीचं. तिचं माहेर कोरड्या, उष्ण हवेचं. वारा अंगाला लागला की वाटायचं, कुणीतरी भट्टीचं दार उघडं टाकून गेलंय. तिथे तिची आई सगळं खड्ड्यात लावायची. वीतभर खोल आळं, वर पालापाचोळा, म्हणजे पडेल तो थेंब मुळाशी मुरेल. न्हाणीचं पाणी जिथून बाहेर यायचं तिथे घेवडा. तो भिंतीवर चढला की त्याच्या सावलीत कोथिंबीर. वर्षातले बरेच महिने घेवडा नुसता पानांचा असायचा. मग अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली की जांभळ्या फुलांचे तुरे यायचे आणि न्हाणीच्या मागे मंद गोड वास भरायचा. "थंडी पडली की फुलतो हा," आई म्हणायची. संध्याकाळी पानं खाली मिटून लोंबायची, तेव्हा ती मुलांना वेलाशी खेळू द्यायची नाही. "निजलाय तो. नका हात लावू."

लग्न होऊन आत्या समुद्राजवळच्या गावी आली आणि माहेरचं सगळं शहाणपण पहिल्याच वर्षी कुजलं. तिथे हवाच ओली होती. भिंती ओल्या, उशा ओल्या, मीठ ओलं. खड्ड्यात लावलेली मेथी सडून गेली, कोथिंबीर पिवळी पडून आडवी झाली, पानांवर पांढरी भुरी चढली. तेव्हा तिनं सगळं उलटं केलं. माहेरी खड्ड्यात लावायचं, सासरी ढिगावर. तेलाच्या डब्यांना खाली भोकं पाडली, तळाला विटांचे तुकडे घातले, मातीत रेती मिसळली, रोपं एकमेकांपासून लांब लावली, वारा मधून जायला हवा म्हणून. रोज कामावरून आली की गोगलगायी वेचायची.

"यांना जावई करून घेतलंय का आपण?" तिचा नवरा विचारायचा. "येतात, खातात, आणि पाय काही निघत नाही."

घेवडा मात्र तिथेही फुलला. सासरी शाल लागत नव्हती, कधीच लागली नाही. तरी तो फुलायचा, आणि बरोबर त्याच महिन्यांत. याचा विचार तिनं तेव्हा केला नाही. दर वर्षी शेंगा खायची, चार शेंगा वेलावरच वाळू द्यायची आणि बी डब्यात ठेवायची.

पुढे हॉस्पिटलात नवी यंत्रं आली. हाडं थेट पडद्यावर दिसू लागली. काळा पडदा निघाला, टाक्या गेल्या, त्या खोलीत खोकी रचली गेली. शिपायानं लाल दिवा वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हातात दिला. "घेऊन जा बाई. इथे आता सगळं लख्ख झालंय." नंतर काही वर्षं नवऱ्याच्या आजारपणात गेली. त्या वर्षांत तिनं काहीच पेरलं नाही. तो गेल्यावर मुलगा तिला आपल्याकडे घेऊन आला.

मुलाचं गाव थंड. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीखाली घर तापवणारे गरम पाण्याचे नळ, काचेला नाक लावलं तर नाक गार आणि गुडघे गरम. दोन खोल्यांच्या मध्ये एक खोली होती, बिनखिडकीची. आत्यानं तीच मागून घेतली.

"आई, ती सामानाची खोली आहे," मुलगा म्हणाला.

"मग मी कोण आहे?"

उशाशी तिनं लाल दिवा लावून घेतला आणि पहिल्या रात्रीपासून ती त्या दिव्यात झोपू लागली. घरात सगळ्यांना वाटायचं, हिला अंधाराची भीती कसली, हिचं आयुष्य अंधारात गेलंय. खरं तर पुरा अंधार तिनं कधी पाहिलाच नव्हता. तिच्या अंधाराला नेहमी लाल डोळा होता. नवरा गेल्यापासून तर तो डोळा मिटायची कल्पनाही तिला सोसत नव्हती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

बाहेर बर्फ वितळलं तसं तिनं खिडकीत कुंड्या मांडल्या. ही तिसरी हवा. इथे पाणी फार चालत नव्हतं आणि नळांमुळे हवा मात्र माहेरसारखी कोरडी. माहेरी चार दिवसांत फुलावर येऊन कडवट व्हायची ती कोथिंबीर इथे महिनामहिना मऊ राहिली. मेथी चपट्या ट्रेमध्ये दाट उगवली. पुदिन्याचं तर काही सांगायलाच नको. त्याला हवा कुठली ते कळतच नसावं, तो कुठेही माहेरी आल्यासारखा राहतो.

घेवड्याच्या डब्यात चार बिया उरल्या होत्या, जुन्या. तिनं त्या कोमट पाण्यात भिजवल्या. तीन कुजल्या, एक उगवली. डबा रिकामा झाला. आता तो एक वेल शेंग न धरता वाळला, तर आईच्या हातचं बी संपलं. तिनं हे एकदाच सुनेला सांगितलं, अगदी साध्या आवाजात, मेथी निवडता निवडता.

सून चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. मनाला लावून घेणारी मुलगी. दुसऱ्याच दिवशी तिनं झाडांसाठीचा एक पांढरा दिवा आणला आणि स्वतः स्टुलावर चढून वेलाच्या डोक्यावर टांगला. त्यात अंगठ्यावर हातोडी बसली, नख काळंनिळं झालं. "इथलं ऊन म्हणजे नावाला आहे, आई. बिचाऱ्याला पोटभर उजेड तरी मिळू दे." रात्री सगळे झोपायला जाईपर्यंत तो दिवा जळायचा.

वेल वाढला. पडद्याच्या दांडीवर चढला, छताला टेकला, परत खाली वळला. पानं तळहाताएवढी. उन्हाळा आला, सूर्य जेवणं झाली तरी आकाशातच. उन्हाळा गेला, दिवस आखडले, खाली रस्त्यावर लोक कोट घालून चालू लागले. एकही कळी नाही.

"थंडी हवी असेल त्याला," आत्या म्हणाली. कुंडी दोन दिवस जिन्यात ठेवली. पानं गळाली, मुलानं कुंडी उचलून परत आणली.

मग ती नुसती वेलासमोर बसू लागली. माहेरी थंडी होती, सासरी नव्हती. माहेरी हवा कोरडी, सासरी ओली. माती वेगळी, पाणी वेगळं, वारा वेगळा. तरी तो दोन्हीकडे त्याच महिन्यांत फुलला. दोन्हीकडे सारखं असं काय होतं? एका संध्याकाळी भांडी पुसताना तिला आठवलं, सासरी ज्या दिवसांत घेवडा फुलायचा, त्या दिवसांत कामावरून सुटताना डोळे मिचकावावे लागत नसत. दार उघडायचं तर बाहेरही अंधारच. त्या अंधारातून ती घरी चालत यायची आणि कोपऱ्यावर वळली की फुलांचा वास यायचा. पुसायचं ताट हातात तसंच राहिलं. थंडी नव्हे. रात्र. याला लांब रात्र हवी.

आणि सुनेचा दिवा तर रात्र होऊच देत नव्हता.

हे सांगायला तिला चार दिवस लागले. सुनेच्या नखावरचा काळानिळा डाग एव्हाना टोकाशी पोचला होता.

"तुझा दिवा," ती म्हणाली, "संध्याकाळी बंद करू या का?"

सुनेनं वर दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे फुलला नाही तो?"

"तसं नव्हे गं."

"तसंच आहे. सरळ सांगा ना. मी काय सासू आहे का तुमची?"

आत्या हसली. "पाहुण्याला वाढत राहावं आणि त्याला झोपूच देऊ नये, तसं झालंय. वाढणाऱ्याचं काही चुकत नाही. दिवसा मात्र तुझा दिवा लागणारच. इथला दिवस म्हणजे दुधी काचेतून पाहिल्यासारखा."

पण खिडकीत रस्त्यावरच्या खांबाचा उजेडही येत होता. खऱ्या अंधाराची जागा घरात एकच होती, आत्याची खोली. त्यांनी वेल छाटून कंबरेएवढा केला, तीन काठ्यांना गुंडाळला, आणि कुंडी मुलाच्या टेबलाजवळच्या जुन्या, चाकं असलेल्या खुर्चीवर ठेवली. संध्याकाळ झाली की आत्या ती खुर्ची ढकलत आपल्या खोलीत न्यायची, सकाळी परत खिडकीत.

"साहेब सुटले का ऑफिसातून?" मुलगा रोज विचारायचा.

"सुटले. आज जरा मलूल आहेत. वरच्यांनी झापलंय."

असे पुष्कळ दिवस गेले. कळी आली नाही. जुनी पानं कडेनं पिवळी पडायला लागली. आत्या बोलायची कमी झाली. रिकामा डबा तिनं धुऊन उपडा घातला.

एकदा झोपायच्या वेळी सून तिला पाण्याचा तांब्या द्यायला आली आणि दारातच थांबली. लाल उजेडात वेल उभा होता.

"आई, तुम्ही म्हणाला होता ना, हा रात्री पानं मिटतो?"

आत्यानं पाहिलं. इतके दिवस शेजारी झोपून पाहिलं नव्हतं. पानं मिटली नव्हती. अर्धवट उचललेली होती, आणि सगळी एका बाजूला, तिच्या उशाकडे, लाल दिव्याकडे. जणू कुणीतरी अंथरुणात कोपरावर रेलून ऐकत होतं.

फिल्म लालाला आंधळी. म्हणून आयुष्यभर तिनं सगळ्या जगालाच लालाला आंधळं धरलं होतं. वेल फिल्म नव्हता. त्याला दिसत होतं.

"हा निजलेला नाही," ती म्हणाली. "मीच जागवतेय त्याला. तुझा दिवा बंद केला आणि माझा लावून बसले."

आत्याचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला. तेव्हा सुनेला कळलं असावं.

"मी झोपू का आज इथे?"

"तुला सकाळी दुकान आहे."

"झोपेतही दुकानच दिसतं मला. इथे काय नि तिथे काय." तिनं चटई ओढली. दाराखालच्या फटीला आत्यानं सवयीनं चादरीची वळकटी लावली. मग बटण दाबलं.

आधी तिला वाटलं, आपण उरलोच नाही. हात आहे की नाही ते कळेना. मग हळूहळू त्या काळ्यावर काहीतरी उमटू लागलं, टाकीतल्या फिल्मवर उमटायचं तसं, कडांपासून आत. न्हाणीची भिंत. आईचा मातीनं भरलेला हात. डब्यांची रांग, त्यावर वाकलेला नवरा, चिमटीत गोगलगाय धरून तिच्याशी गंभीरपणे बोलणारा. एक्स-रेत दिसतात तशी ही माणसं आतून उजळ होती. तिन्ही घरांची हवा एकाच खोलीत आली होती, कोरडी, ओली, थंड. शेजारी पानं सरकल्याचा बारीक आवाज झाला, किंवा झाला नसेल.

"आई, जागी आहात?"

"गप. निजतोय तो."

सून तीन रात्री तिथे झोपली. चौथ्या रात्री आत्यानंच तिला तिच्या खोलीत घालवलं. "तुझा नवरा तोंड पाडून फिरतोय. मी राहते. आता आम्ही दोघं आहोत."

महिन्याभरानं पानाच्या बगलेत दाण्याएवढं जांभळं टोक दिसलं. सुनेनं दुकानातलं भिंग आणून पाहिलं आणि भिंग आत्याकडे दिलं. तुरे आले, वास आला, खिडकीबाहेर बर्फ पडत असताना आला. बहुतेक फुलं गळाली. दोन शेंगा धरल्या. मुलानं एकदाच विचारलं, "भाजी कधी?" आणि दोघींनी त्याच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की त्यानं पुढे घेवड्याचं नाव काढलं नाही.

शेंगा वेलावरच वाळल्या. आत्यानं एक तोडून कानाशी हलवली, मग सुनेच्या कानाशी. आत बी खुळखुळत होतं. दोन्ही फोडल्यावर सात दाणे निघाले, एक सुरकुतलेला. सुनेनं एक दाणा बोटावर धरून उजेडात फिरवला.

"खरंच की. दार बंद आहे आणि खालून उजेड येतोय."

सहा दाणे डब्यात गेले. सुरकुतलेला आत्यानं त्याच कुंडीत खोचला, बघू म्हणाली. त्या संध्याकाळी खुर्ची खिडकीतच राहिली. अंधार राखायचं आता काही कारण नव्हतं. सून झोपायला जाताना आत्याच्या दारात थांबली. आत काळोख होता.

"आई, लाल दिवा लावून देऊ का? आता चालेल की."

"चालेल ना," अंधारातून आवाज आला. "उद्या लाव."