कानबाईपुढे उघडे डोळे

पायाखाली जमीन आहे की नाही हेच मला कळेनासं झालं होतं. चप्पल कधी सुटून मागे राहायची, पत्ता लागायचा नाही. तळव्यांना सतत मुंग्या. अशक्तपणा असेल म्हणून मी घरात कुणाला बोलले नाही, आणि श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसली. आरतीला हात जोडून, पाय जुळवून, डोळे मिटून उभी राहिले तशी मी घुमल्यासारखी डोलू लागले. कुणीतरी म्हणालं, कानबाई अंगात उनी. सासूबाईंनी लगेच माझ्या कपाळाला मळवट भरला. मी घाबरून गप्प राहिले, आणि माझं गप्प राहणंही देवीचंच ठरलं.

मग रनाळ्यातल्या आमच्या गल्लीतल्या बायका दर शुक्रवारी आरतीला येऊ लागल्या. कुणाला सून नांदत नव्हती, कुणाला मूल हवं होतं. मी काय सांगणार? डोळे मिटले की डोलायचे, तेवढंच. घास तोंडाकडे नेताना हात भलतीकडे जायचा, पोलक्याची बटणं लावता येईनात. यजमान दवाखान्याचं बोलले, तर अंगात देवी असताना सुई टोचायची नाही, असं सासूबाईंनी बजावलं. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती, त्यामुळे चिडावं तरी कुणावर? देव्हाऱ्यासमोर बसून मी रडायचे आणि कानबाईला म्हणायचे, तू आली असशील तर आता जा बाई, माझे पाय मला परत दे.

एका शुक्रवारी तळोद्याकडची एक म्हातारी आली. लेकीकडे आली होती म्हणे. तिच्या स्वतःच्या अंगात कित्येक वर्षं कानबाई येत होती, त्यामुळे तिला पुढे जागा मिळाली. आरतीत मी डोलले, तसे तिने माझे दोन्ही खांदे धरले.

"माय, डोया उघाड."

मी डोळे उघडले आणि तोल पुष्कळसा सावरला. पुन्हा मिटायला लावले, तर मी तिच्याच अंगावर कलंडले. ती सासूबाईंकडे वळली.

"हाई कानबाई नही शे, बहीण. हिन्हा पायसले जमीन समजी नही ऱ्हायनी. हिले दवाखानामा लई जा."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सासूबाईंनी त्याला घराबाहेर काढलं असतं. पण जिच्या अंगात खरोखर देवी येते तिला खोटं कसं पाडणार?

नंदुरबारच्या डॉक्टरांनीही मला पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला सांगितले आणि पडताना सावरलं. रक्त तपासलं. माझ्या पोटात बी-बारा जीवनसत्त्व शोषलंच जात नव्हतं. त्यामुळे रक्त बिघडलं होतं, नसाही सुकल्या होत्या. आता जन्मभर इंजेक्शनं घ्यायची. तुम्ही फार उशिरा आलात, असं ते हळूच म्हणाले.

हात बरेच सुधारले, पाय पूर्ण परतले नाहीत. घरात काठी लागते आणि अंधारात तर मी भिंत धरूनही पडते. ती म्हातारी परत कधी दिसली नाही. कानबाईच आली होती, असं गल्लीत म्हणतात. मी वाद घालत नाही. मी कानबाईला जा म्हणून विनवलं होतं, आणि हिच्या अंगात मी नाही, हे सांगायला तिने कुणाला तरी पाठवलं, एवढंच मला ठाऊक आहे. पाय गेले याचं दुःख आहेच, ते लपवत नाही. पण उरलं ते तिच्या हवाली केल्यापासून रात्रीची झोप लागते.

यंदा कानबाई बसली तेव्हा सासूबाईंनी माझं कोपर घट्ट धरलं होतं. आरती सुरू झाली आणि सवयीने माझ्या पापण्या मिटू लागल्या.

"उघडाच ऱ्हाऊ दे डोया," त्या कानाशी म्हणाल्या. "कानबाईले चालस."

मी डोळे उघडे ठेवून आरती म्हटली.