ग्लासात बीट नव्हतं

“रोज बीटाचा ज्यूस घेतो ना मी, त्याचा रंग असेल,” असं मी डॉक्टर मॅडमना सांगितलं. वर माहितीही पुरवली, की लांब पल्ल्याच्या धावपटूंना बीट फार उपयोगी असतं.

मॅडमच्या हातात प्लॅस्टिकची डबी होती. डबीत माझी लघवी होती. टपरीवर सकाळपासून उकळत ठेवलेल्या चहाला दूध घालण्याआधी जो रंग असतो, तो तिचा रंग होता.

मॅडम काही बोलायच्या आत शेजारच्या खुर्चीतून माझी बायको, संगीता, म्हणाली, “कोन्तं बीट? मागच्या बाजारात बीट भेटलंच नाही. मी तं तुमाले लिंबूपानी देऊन राह्यली.”

एवढे दिवस लिंबूपाणी पिऊन मी ते बीट समजत होतो. म्हणजे समजत होतो असंही नाही. ती ग्लास हातात द्यायची, माझी नजर मनगटावरच्या घड्याळात असायची, आणि ग्लास रिकामा व्हायचा. कालच्या धावण्यात माझी छाती किती वेळा धडधडली ते मला तोंडपाठ होतं. ग्लासात काय होतं, ते नव्हतं.

मॅडमनी डबी खाली ठेवली आणि माझ्या मांडीवर दोन बोटं दाबली. मी जे ओरडलो ते बाहेरच्या बाकड्यापर्यंत गेलं. मग त्या एक लांबलचक नाव बोलल्या: रॅब्डोमायोलिसिस. वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरला माझं खतं-औषधांचं कृषी केंद्र आहे. नाव ऐकून पहिला विचार असा आला, की हे नवीन तणनाशक असावं आणि कंपनीचा माणूस आपल्याला सांगायला विसरला.

मॅडमनी समजावून सांगितलं ते असं. स्नायूंवर एकदम अतोनात ताण पडला की त्यांच्या पेशी फुटतात. आतलं मायोग्लोबिन नावाचं द्रव्य रक्तात उतरतं. स्नायूंचा लाल रंग त्याचाच. किडन्या ते गाळायला जातात आणि गाळता गाळता स्वतःच तुंबतात. लघवीच्या पट्टीवर रक्त दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर रक्ताच्या पेशी नसतात. माझ्या तपासणीत नेमकं तेच आलं होतं.

“काका, केलं काय तुम्ही?” मॅडमनी विचारलं.

“बैठका,” मी म्हणालो.

आता हे जरा मागून सांगावं लागेल.

चाळिशी ओलांडल्यावर माझं पोट दुकानाच्या काउंटरला टेकायला लागलं आणि मी धावायला सुरुवात केली. पहिले काही महिने गावाने माझी फार काळजी घेतली. “भाऊ, कुत्रं मागं लागलं काय?” असं विचारल्याशिवाय कोणी मला पुढे जाऊ दिलं नाही. आमच्या गावच्या जैन मंदिराला आलेले यात्रेकरू पहाटे बसमधून उतरायचे आणि हाफ पँटमधला, घामाने निथळलेला मी दिसलो की सामान जवळ ओढायचे. पण मी टिकलो. हळूहळू अंतर वाढत गेलं. शेवटी एके दिवशी धावत धावत जऊळक्याचं स्टेशन गाठलं, तिथे चहा घेतला आणि मिळेल त्या गाडीने घरी आलो. त्या दिवशी मला जे वाटलं, ते लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं. हे मी संगीताला सांगितलंही. सांगायला नको होतं.

त्यानंतर डोक्यात एकच: जऊळक्याला धावत जायचं आणि धावतच परत यायचं.

त्यासाठी पायात ताकद पाहिजे, म्हणून मी मोबाइलवरच्या एका व्यायामाच्या गटात शिरलो. तिथे बैठकांचं चॅलेंज सुरू होतं. रोज थोड्या थोड्या वाढवत न्यायच्या, असा साधा नियम. मी दुकानात युरियाच्या थप्पीमागे बैठका मारायचो. गिऱ्हाईक आलं की माझं डोकं थप्पीवर दिसायचं आणि परत गायब व्हायचं. एके सकाळी गटातल्या कुठल्याशा गृहस्थाने महिनाअखेरीचा आकडा एका दमात मारल्याचं कळवलं. मी त्याला आजवर पाहिलेलं नाही. पण माझ्यातला लहान पोरगा खवळला आणि मीही मारल्या.

दुसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या झाल्या. शौचाला बसता येईना, बसलो तर उठता येईना. मी खूश. दुखतंय म्हणजे लागू पडतंय, अशी माझी समजूत. दुखण्यावरच्या गोळ्या माझ्या मनानेच घेतल्या आणि त्याच पायांनी पुढच्या सकाळी भर उन्हापर्यंत जऊळक्याच्या रस्त्याने धावलो. आल्यावर लघवीचा रंग पाहिला आणि स्वतःला म्हणालो, बीट.

चालताना भिंत धरावी लागायला लागली तेव्हा संगीताने काही विचारलं नाही. रिक्षा बोलावली आणि वाशीमला आणलं.

हे सगळं ऐकून मॅडम एवढंच म्हणाल्या, “आणि वरून पेनकिलर?” मी मान खाली घातली. तुंबलेल्या किडनीला त्या गोळ्या आणखी मारक असतात, हे मला तेव्हा कळलं.

मला दाखल केलं. एकामागून एक सलाईन. आत जेवढं पाणी जाईल तेवढं बाहेर आलं पाहिजे, म्हणून प्रत्येक वेळची लघवी मापून लिहायची. रक्ताच्या तीन तपासण्या होत्या, आणि त्यांची नावं आम्हाला लवकरच सोयऱ्यांसारखी पाठ झाली. सीपीके, म्हणजे स्नायू किती फुटले त्याचं माप. माझा आकडा असा होता, की मॅडमनी तो दुसऱ्यांदा तपासायला सांगितला. पोटॅशियम, जे वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून छातीला सारख्या वायरी. आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने न काढलेला कचरा. खरी भीती याचीच.

“आज थोडं वाढलेलं आहे,” मॅडम पहिल्या संध्याकाळी म्हणाल्या. “उद्या उतरलं तर छान. वाढतच राहिलं तर अकोल्याला पाठवावं लागेल. डायलिसिसची गरज पडू शकते. बहुतेक पेशंट यातून पूर्ण बरे होतात काका, पण मी आत्ता शब्द देणार नाही.”

डायलिसिस म्हणजे मशीनने रक्त धुणं. आमच्या ओळखीतले एकजण त्यासाठी जातात. त्या दिवशी ते परत येईपर्यंत त्यांच्या घरचं दार उघडंच असतं, हे मला उगाच आठवलं.

घरी माझी आई होती. तिला क्रिएटिनिन कसं सांगायचं? संगीताने मार्ग काढला. तिने फोनवर आईला रंग सांगितला.

“काया चहा हाय आत्याबाई. बिनदुधाचा.”

“बाप्पा! मंग संध्याकायी सांगजो,” आई पलीकडून म्हणाली.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं होतं. भेटायला येणारी माणसं “तब्येत कशी आहे?” असं विचारतच नव्हती. दारातूनच विचारायची, “निवळलं का?” आयुष्यभर अब्रू सांभाळली, आणि शेवटी सगळ्या शिरपूरची नजर कुठे लागली म्हणाल तर त्या मापाच्या भांड्यावर.

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन उतरलं नाही. वाढलं.

मॅडम अकोल्याच्या किडनीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. संध्याकाळचा रिपोर्ट पाहायचा, मग ठरवायचं, असं निघालं. अँब्युलन्सवाल्याला सांगून ठेवलं.

त्या दुपारी गुलाबराव आले. माझे जुने गिऱ्हाईक आणि त्याहून जुने मित्र. खुर्ची ओढून बसले, सलाईनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“भाऊ, एक विचारू? मागच्या साली सोयाबीनवर मी फवारनी डबल केली तवा तुमी मले काय म्हनले होते?”

मी सलाईनचे थेंब मोजायला लागलो.

“चारचौघांत म्हनले होते. ‘गुलाबराव, डोस वाढवला म्हनजे पीक जोमात येत नाही, जळते.’ म्हनले होते का नाही?”

“म्हणालो होतो.”

“मंग हे काय करून बसले? सोताचं वावर जाळलं काहून?”

संगीता तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता तिचे खांदे वेगळेच हलायला लागले. गुलाबरावांच्या ते आधी लक्षात आलं. चहा घेऊन येतो म्हणून ते उठले, आणि एवढ्याशा चहाला त्यांनी बराच वेळ लावला.

ती माझ्या पायथ्याशी बसली होती. मांड्यांना हात लावू देत नव्हतो, म्हणून तिने माझं पाऊल धरलं होतं. नखं काळी पडलेलं धावपटूचं पाऊल, ज्याला एरवी ती ‘हे पलंगावर ठेवू नका’ म्हणते.

“मी मॅडमले सांगून ठेवतो,” ती म्हणाली. (आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, तुम्ही दचकू नका.) “किडनी लागली तं माझी घ्या म्हना. जुळते का ते पाहून घ्या.”

“अगं, अजून तिथवर काही गेलेलं नाही.”

“गेलं तं गेलं. सांगून ठेवलेलं बरं.”

शेजाऱ्याला जादा गॅस सिलिंडर द्यावा तसं ती बोलत होती. मी तिला काहीतरी गमतीचं उत्तर द्यायला गेलो. गमतीचं उत्तर हे माझं नेहमीचं दुकान. त्या दिवशी दुकानात माल नव्हता. मी छताकडे पाहत राहिलो आणि पहिल्यांदा मला जऊळका आठवला नाही. एवढंच वाटलं, की या बाईच्या अंगावर सुई लागू नये. माझ्या बैठकांपायी तर नाहीच.

संध्याकाळ व्हायच्या आधी संगीता मापाचं भांडं घेऊन खिडकीपाशी गेली. उजेडात धरलं. परत धरलं. मग नर्सबाईंना हाक मारली.

“सिस्टर, पाहा बरं. मले तुरीच्या डाळीचं पानी वाटते.”

नर्सबाईंनी पाहिलं. “हो वहिनी. फिकं झालंय.”

रिपोर्ट यायला अजून वेळ होता, पण तिने फोन लावलाच. “आत्याबाई, डाळीचं पानी झालं.” पलीकडून आईचा आवाज आम्हा तिघांनाही ऐकू आला. ती देवाचं नाव घेत होती आणि मधूनच मला शिव्या देत होती.

रिपोर्ट घेऊन मॅडम स्वतः आल्या. क्रिएटिनिन किंचित उतरलं होतं. अगदी किंचित. “दिशा बदलली,” त्या म्हणाल्या. “आज अकोला नाही.”

पुढचे दिवस उताराचे होते. रंग उसाच्या रसावर आला, मग विहिरीच्या पाण्यावर. मांड्या माणसाच्या झाल्या. घरी सोडताना मॅडमनी बजावलं: भरपूर पाणी, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नाही, आधी फक्त चालणं, आणि दर तपासणीनंतर मी सांगेन तेवढंच पुढे.

हे लिहिलं ते तुमच्यापैकी जे नव्याने उत्साहात आहेत त्यांच्यासाठी. व्यायाम सोडू नका, मीही सोडलेला नाही. पण नवीन व्यायामानंतर दुखणं नेहमीच्या ठणक्याहून वेगळं असेल, मांडी किंवा दंड सुजून टणक झाला असेल, किंवा लघवी चहासारखी झाली असेल, तर बीटावर ढकलू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. धावणाऱ्या माणसाला थांबणं ही हार वाटते. माझ्याकडून लिहून घ्या, ती हार नाही.

मग चालणं सुरू झालं. एकट्याला पाठवायला संगीता तयार नव्हती, ती सोबत निघाली. इतकी वर्षं ज्या रस्त्याने मी धावलो, त्यावर माणसं राहतात हे मला तेव्हा समजलं. ती प्रत्येक दारापाशी थांबायची. कोणाची सून बाळंत होणार, कोणाची म्हैस आटली, कोणाच्या कढीपत्त्याला कीड लागली. ती गप्पा मारायची, मी बाजूला उभा. मनगटावरचं घड्याळ दर थोड्या वेळाने विचारायचं, व्यायाम संपला का? मी त्याला नाही म्हणायचो. पुढे पुढे कढीपत्त्याच्या किडीवर औषध सांगायला मीही थांबायला लागलो.

चालण्याचं हळूहळू धावणं झालं. परवाच्या तपासणीत सगळे आकडे जागेवर होते. “काका, बेताने पळा आता,” मॅडम म्हणाल्या. “पण बैठकांचा तो गट सोडला ना?” गट मी वॉर्डातूनच सोडला होता.

जऊळक्याचा विषय मात्र मी घरात काढला नाही. धाडस होत नव्हतं.

आज सकाळी बूट घालत होतो. संगीताने नेहमीसारखा ग्लास पुढे केला. मी हात लावण्याआधी आत डोकावलो. लाल होतं.

“बीट,” मी म्हणालो.

“डाळिंब हाय,” ती म्हणाली. “पन पाह्यलं तरी. जा आता जऊळक्याले, हळू जा. वापस धावत येऊ नका. मी बसनं येतो, चहा दोघं मिळून घेऊ.”